मांजराचा शिधा

मांजराला रोज किती खायला घालावे, हा काय आकाशवाणीवरून सांगावयाचा विषय आहे, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. दोन वर्षांपूर्वी मला कोणी विचारले असते तर मीही तसेच म्हटले असते. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. प्राण्यांच्या आहारशास्त्राशी माझा संबंध एवढाच की, आमच्या घरी एक मांजर आहे आणि ती माझ्या हिशेबीपणामुळे मरता मरता वाचली. तो हिशेब कुठे चुकला आणि पुढे तो कसा बरोबर झाला, तेवढे सांगण्यासाठी आज मी आपल्यापुढे आलो आहे.

आमच्या मांजरीचे नाव मनी. अर्थशास्त्राच्या मास्तराच्या घरी दुसरे काय नाव असणार, असे माझे विद्यार्थी म्हणतात. पण इंग्रजी पैशाचा आणि या नावाचा काडीचाही संबंध नाही. कोकणात दर दोन-चार घरांआड एक मनी असतेच. ऐन पावसाळ्यात मागल्या पडवीत, लाकडांच्या ढिगाआड हे पिल्लू आईला सापडले, तिनेच ते कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवले आणि तिनेच त्याचे नाव ठेवले. वर्षाच्या आत आम्ही मनीची शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे पिल्ले होण्याचा प्रश्न मिटला. त्या वेळी तिचे वजन 4 किलो होते. पाच वर्षांनी ते 6 किलो झाले.

हे 2 किलो एकदम कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. उलट येणारे-जाणारे म्हणत, “काय गुटगुटीत आहे हो तुमची मांजर!” आणि आई कृतकृत्य होई. पुढे मनी माळ्यावर उडी मारीनाशी झाली, पाठीचा मागचा भाग तिला चाटता येईना, तिथले केस गुंतून त्यांच्या गाठी होऊ लागल्या, तेव्हा मी तिला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला तपासले आणि सांगितले, “वजन फार आहे. आहार हळूहळू कमी करा.” मी घरी आलो आणि आईला विचारले, “आई, किती घालतेस तू तिला?”

“किती म्हणजे? ती मागते तेवढं.”

मागणी तसा पुरवठा हा सिद्धांत मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तो माझ्याच स्वयंपाकघरात इतक्या शुद्ध स्वरूपात चालू असेल, याची मला कल्पना नव्हती. मी ताबडतोब कारभार हाती घेतला. दूध बंद, मासळी बंद, भात बंद. बाजारातून वजन उतरवण्यासाठी म्हणून मिळणारे कोरडे खाद्य आणले आणि त्याचीही निम्मीच मात्रा ताटलीत टाकली. डॉक्टरांच्या वाक्यातले “कमी करा” मी ऐकले होते. “हळूहळू” हा शब्द मात्र वाटेत कुठे तरी गळून पडला होता.

मनीने ते खाद्य हुंगले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, “अरे, ती खात नाहीये काही.” मी म्हणालो, “भूक लागली की खाईल. आपण नाही का एकादशी करीत? चरबी पुष्कळ आहे अंगावर, चार दिवस उपास घडला तर बरेच.” तिसऱ्या दिवशी मनी कपाटाखाली जाऊन बसली. चौथ्या दिवशी सौ.ने तिला बाहेर काढले, तेव्हा तिच्या कानांच्या आतली कातडी हळदीचे बोट लावावे तशी पिवळी दिसत होती.

श्रोतेहो, आज सांगण्यासारखी जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती इथे आहे, म्हणून ती मी पुन्हा सांगतो. लठ्ठ मांजराला उपास घडवायचा नसतो. माणसाने एक-दोन दिवस काही खाल्ले नाही तर अंगची चरबी वापरून त्याचे भागते. मांजराची गोष्ट निराळी. अन्न बंद झाले की त्याच्याही अंगातली चरबी सुटते आणि रक्तावाटे यकृताकडे धावते. पण तिथे तिची वासलात लावण्याची मांजराच्या यकृताची शक्ती तोकडी असते. बंदरात एकाच दिवशी पन्नास गलबते यावीत आणि हमाल मात्र चारच असावेत, तशी अवस्था होते. चरबी यकृताच्या पेशींतच साठत जाते, यकृत काम करीनासे होते, कावीळ होते. आणि मग मांजराची अन्नावरची वासनाच जाते, म्हणजे उपास आणखी लांबतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यातून मांजर वाचत नाही. यावर मुख्य औषध एकच, ते म्हणजे अन्न. आणि मांजर स्वतः खात नाही म्हणून ते नळीने पोटात घालावे लागते.

मनीच्या मानेतून अन्ननलिकेत एक बारीक रबरी नळी बसवण्यात आली. त्या नळीतून पिचकारीने पातळ अन्न घालायचे काम सव्वा महिना आमच्या घरी चालले. या सव्वा महिन्यात मी मांजराचा शिधा कसा काढतात ते शिकलो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारले, “वजन किती?” म्हटले, “साडेपाच.” त्यांनी कागदावर चार आकडे मांडले आणि म्हणाले, “रोज 250 कॅलरी. पण आज त्याच्या तिसरा हिस्साच द्यायचा, उद्या दोन हिस्से, परवा पुरे.” उपाशी शरीराला एकदम पोटभर घातले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळते, म्हणून ही पायरी-पायरीची चढण. “हळूहळू” हा शब्द दुसऱ्यांदा कानी आला तेव्हा मी तो वहीत लिहून घेतला.

आता हे 250 आले कुठून, ते पाहू. कॅलरी म्हणजे उष्णतेचे माप. 1 किलो पाणी 1 अंश सेल्सियसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला शास्त्रात किलोकॅलरी म्हणतात; बोलताना आपण नुसते कॅलरी म्हणतो. प्राणी नुसता पडून राहिला तरी हृदय चालते, श्वास चालतो, अंग ऊब धरून असते. या सगळ्याचा खर्च असतोच. घर बंद ठेवले तरी घरपट्टी चुकत नाही, तसा हा खर्च. तो वजनाबरोबर वाढतो, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. मॅक्स क्लायबर नावाचे मूळचे स्विस असलेले शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करीत होते. त्यांनी 1932 साली उंदीर-कबुतरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांचे आकडे एकत्र मांडून दाखवले की, हा खर्च वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढतो. आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागे. परंतु हा पाऊण त्या पाऊणकीतला नव्हे. इथे पाऊणने गुणायचे नाही. वजनाचा घन करायचा आणि त्याचे दोनदा वर्गमूळ काढायचे. जे उत्तर येईल त्याला 70 ने गुणायचे, की दिवसाच्या कॅलरी मिळाल्या.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर करून पाहा. मांजर 4 किलोची. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. 64 चे वर्गमूळ 8. 8 चे वर्गमूळ 2.83. त्याला 70 ने गुणले की 198. म्हणजे 4 किलोच्या मांजरीचा नुसत्या जगण्याचा खर्च दिवसाला 198 कॅलरी. 3 किलोच्या मांजरीचा तो 160 येतो आणि 5 किलोच्या मांजरीचा 234. याच रीतीने 60 किलोच्या माणसाचा खर्च काढला तर तो 1500 च्या घरात जातो, म्हणजे किलोमागे 25. मांजराचा मात्र किलोमागे जवळजवळ 50. लहान प्राण्याचा संसार दरडोई महाग असतो, असे आमच्या शास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

हा झाला पडून राहण्याचा खर्च. हिंडणे-फिरणे, खेळणे, पचवणे यांचा खर्च वेगळा. त्यासाठी वरच्या आकड्याला आणखी एका आकड्याने गुणतात. शस्त्रक्रिया झालेल्या, घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजराला 1.2 ने, शस्त्रक्रिया न झालेल्याला 1.4 ने. म्हणजे 4 किलोच्या मनीला रोज 198 गुणिले 1.2, सुमारे 238 कॅलरी पुरेशा होत्या. इथे एक मौज आहे, तिला मौज म्हणावे की खोडी हे ज्याने त्याने ठरवावे. शस्त्रक्रियेनंतर मांजराची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. खर्च उतरला आणि हात सैल सुटला, तर शिल्लक साठायला वेळ लागत नाही. ही शिल्लक मात्र पोटाखाली लोंबते.

मनी नळीवर असताना एका रात्री मी आणि आईने बसून तिचा पूर्वीचा शिधा आठवून लिहून काढला. सकाळ-संध्याकाळ मिळून 100 मिलिलिटर म्हशीचे दूध, त्याच्या 100 कॅलरी. कोरडे खाद्य 40 ग्रॅम, त्याच्या 150. दुपारी मासळी 40 ग्रॅम, सुमारे 40. रात्री दुधात कालवायला भात 30 ग्रॅम, आणखी 40. बेरीज 330. गरज 238. यांतली एकही गोष्ट दिसायला फार नव्हती. आईने कधी तिला ताटभर वाढले नव्हते. रोज 10 कॅलरी जास्त, म्हणजे दोन चमचे म्हशीचे दूध जास्त गेले, तर वर्षाला 3650 कॅलरी होतात आणि कागदावर तरी ती अर्ध्या किलोला थोडी कमी एवढी चरबी झाली. प्रत्यक्षात वजन वाढेल तसा खर्चही थोडा वाढतो, म्हणून गणित इतके सरळ चालत नाही. पण 4 किलोच्या जिवाला अर्धा किलो म्हणजे 60 किलोच्या माणसाला साडेसात किलो, हे ध्यानात घेतले की त्या दोन चमच्यांची किंमत कळते.

दुधाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे मांजर आणि दूध यांची सांगड फार जुनी आहे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. त्यांना दूध आवडते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी. गोडीसाठी नव्हे, कारण मांजराला गोड चवच लागत नाही. गोड ओळखण्यासाठी जिभेवर जी रचना लागते तिचे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, असे 2005 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बासुंदीसाठी पातेल्यात तोंड घालणारी मांजर साखरेची चोर नव्हे, सायीची चोर आहे.

आता कोणी म्हणेल, 238 कॅलरीच हव्या ना, मग दूध-पोळीने भरून काढू. काही शाकाहारी घरांतून हा प्रयोग चालतो आणि मांजर जगतेही. जगते ती रात्री बाहेर जाऊन उंदीर खाते म्हणून. मांजर हा पुरता मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य आहे. माणूस ते स्वतःच्या शरीरात तयार करतो. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. ते मिळाले नाही तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून ती आंधळी होते, हे 1975 साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू त्याअभावी सैल पडून हृदय फुगते आणि टॉरिन दिले की पुष्कळ मांजरे त्यातून सुधारतात, हे 1987 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले. तयार खाद्यात आता ते मिसळलेले असते. तेव्हा कॅलरीची बेरीज बरोबर आली म्हणजे आहार बरोबर झाला असे नाही. ज्यांना घरात मांस-मासळी चालत नाही, त्यांनी मांजर पाळताना या गोष्टीचा आधी विचार करावा, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. उलट मांसाहारी घरांत कांदा-लसणाचा रस्सा भातावर घालून मांजरापुढे ठेवतात, तेही वाईट. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

एका उंदरात साधारण 30 कॅलरी असतात. म्हणजे रानावनात राहणाऱ्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर मारले की पुरते. आणि ते सगळे काही एका बैठकीत मिळत नाहीत. थोडे थोडे, दिवसातून आणि रात्रीतून अनेकदा खाणे, हा मांजराचा मूळ स्वभाव आहे. हे वाचल्यावर मी आईकडे जाऊन कबूल केले की, मनीला दिवसातून सहा वेळा काही ना काही घालण्याची तिची रीत शास्त्राला धरून होती. चूक वेळांची नव्हती, मापाची होती. आई म्हणाली, “तेच मी म्हणत होते.” ती तेच म्हणत होती असे मला आठवत नाही, पण असो.

मापाबद्दल सांगायचे तर, खाद्याच्या पुड्यावर 100 ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये किती कॅलरी ते पुष्कळदा छापलेले असते. कोरड्या खाद्यात ते 100 ग्रॅमला 350 ते 400 च्या दरम्यान असते. डब्यातल्या ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असल्यामुळे 70 ते 100. म्हणून एकाची वाटी दुसऱ्याला चालत नाही. आमच्या आमटीच्या वाटीत कोरडे खाद्य सपाट भरले तर 65 ग्रॅम बसते आणि शिगोशीग भरले तर 85. त्या शिगेतच 70-75 कॅलरी आहेत. आता आम्ही सकाळी तराजूवर 57 ग्रॅम मोजून डब्यात काढून ठेवतो आणि दिवसभर जो कोणी मनीला घालील त्याने त्या डब्यातूनच घालायचे. त्याशिवाय आईच्या हातची, मीठ-मसाला न घातलेली, काटे काढलेली 25 ग्रॅम उकडलेली मासळी. दोन्ही मिळून 235 च्या आसपास होतात. वरचे खाणे एकूण कॅलरींच्या एक-दशांशाहून जास्त नसावे असे सांगतात, त्यात ही मासळी बसते. आईने आधी 50 ग्रॅम मागितले होते.

पोटुशी आणि अंगावर पाजणारी मांजर, पिल्ले, म्हातारी मांजरे यांचे हिशेब निराळे आहेत. पाजणाऱ्या मांजरीला तर दुपटीहूनही अधिक लागू शकते. तिच्यापुढे तराजू नेऊच नये. आणि म्हातारी मांजर खात असून वाळत चालली, तर ते वय झाले असे न समजता तिला डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी, हे सगळे सूत्र म्हणजे एस.टी.चे वेळापत्रक आहे. त्यावरून गाडी साधारण कधी येईल ते कळते. ती आली की नाही हे थांब्यावर उभे राहूनच पाहावे लागते. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजेत दीडपटीचा फरक पडू शकतो. म्हणून मांजराच्या बरगड्यांवर हात फिरवावा. आपला हात पालथा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडे दिसत नाहीत पण कातडीखाली लागतात. बरगड्या तशा लागल्या की मांजर ठीक आहे. मूठ वळल्यावर बोटांची मुळे लागतात तशा लागल्या तर ती हडकली आहे. आणि तळहातासारखे मऊ लागले, हाड सापडेचना, तर शिधा हळूहळू उतरवावा. आठवड्याला वजनाच्या शंभराव्या हिश्शाएवढी घट पुष्कळ झाली. नवे खाद्य द्यायचे असेल तर ते जुन्यात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत बदलावे. आणि एक दिवस मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मनीची नळी निघाली तेव्हा ती 5 किलो 200 होती. पुढे तिला आठ महिने लागले. आधी मी तिला घेऊन काट्यावर उभा राहत असे आणि माझे वजन वजा करीत असे. पण त्यात अर्ध्या किलोची चूक सहज होई, आणि तेवढी चूक मांजराला परवडत नाही. आता रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा आणला आहे. रविवारी सकाळी मनीला कापडी पिशवीत घालून त्याला अडकवतात. पहिल्या रविवारी माझ्या हातावर पाच ओरखडे उठले, तेव्हापासून पिशवी आईच धरते. मागच्या रविवारी काटा 4 किलो 300 ग्रॅमवर थांबला. मी आकडा वहीत लिहीपर्यंत मनी पिशवीतून बाहेर पडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली होती, आणि तिच्या त्या दिवसाच्या 25 ग्रॅम मांदेलीचे काटे काढायला आई पाट घेऊन बसत होती.